पाण्याला जोरच नाही

"हात लावून बघा," ब्रायनी म्हणाली. "पाणी येतंय की नुसतं रडतंय?"

जिल्हा कौन्सिलचा पॅस्को पोहण्याच्या तलावाच्या काठावर उकिडवा बसला आणि त्याने भिंतीतल्या भोकासमोर तळवा धरला. हाताला मागे ढकलेल अशी धार तिथून यायला हवी होती. कोमट पाणी कसंबसं बोटांना चाटून गेलं.

"कधीपासून हे असं?"

"या आठवड्यात जास्तच."

सकाळचे दहा वाजले होते आणि पारा चाळिशीला टेकला होता. कुंपणाबाहेर निम्मं वॉराबाइन गाव टॉवेल खांद्यावर टाकून उभं होतं. शंभर किलोमीटरच्या टापूत पोहायला दुसरी जागा नव्हती, ओढा तर नाताळाआधीच आटलेला. कौन्सिलने तलाव चालवणं सोडलं होतं. गावाला चालवायचा तर खुशाल चालवा, म्हणाले. फक्त आधी आमचा माणूस येऊन पंप तपासेल. पंपाशिवाय तलाव म्हणजे आठवडाभरात हिरवं डबकं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"पंपघराची किल्ली कुणाकडे?" पॅस्कोने विचारलं.

"माझ्याकडे."

"मोठं कुणी नाही का?"

"मी काय पाळण्यात दिसते तुम्हाला?"

कुंपणापलीकडे खसखस पिकली. ब्रायनी सोळा वर्षांची होती. गेले दोन उन्हाळे शाळा सुटली की तलावाची सगळी देखभाल तीच करायची, आणि आज ती कुणाचंही ऐकून घेणार नव्हती. 

"मोठी मी आहे की," सावलीतल्या घडीच्या खुर्चीतून ग्लेनिसआत्याने हात वर केला. ती गावातली एकुलती एक वायरमन. "पण मला काही विचारू नका बाबा. मला पोहतासुद्धा येत नाही."

पंपघरात पत्रा तापून भट्टी झाली होती. मधोमध पंप, हिरवागार, नव्या रंगाने चमकणारा. वास अजून गेला नव्हता.

"रंग कशाला फासलात?"

"पाहुणे येणार म्हणून."

"रंगाने पंप चालत नाही, पोरी."

"न रंगवता तरी कुठे चालतोय?"

पॅस्को कामाला लागला. माणूस कामाचा पक्का होता. त्याने पंपापुढच्या जाळीचं झाकण उघडलं. आत पानाचा तुकडा नाही. झाकणाच्या रबरी कड्यावरून बोट फिरवलं, चीर नाही. बुडबुडे येतात का पाहिलं. एकही नाही, म्हणजे पंप कुठून हवा ओढत नव्हता. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे. मग तो दाब दाखवणाऱ्या दोन्ही काट्यांसमोर बराच वेळ उभा राहिला.

"वाळूचा फिल्टर तुंबला असता तर इथला काटा वर चढला असता," तो म्हणाला. "ओढणाऱ्या पाइपात काही अडकलं असतं तर तिकडचा चढला असता. दोन्ही मरगळलेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दोष पाइपात नाही. पंपातच दम राहिला नाही. आतली पाती झिजली असणार."

"असणार म्हणजे? उघडून बघा ना!" ब्रायनीने पाना त्याच्या नाकासमोर धरला. "बाहेरून नाडी बघून कसले निकाल देता? सोळा बोल्ट आहेत. उघडा!"

दारात येऊन उभ्या राहिलेल्या ग्लेनिसआत्याला ठसका लागला.

पॅस्कोने बोल्टांकडे पाहिलं. चार गंजलेले होते. त्याच्या कोपरावरून घाम ठिबकत होता. "अर्धा दिवस जाईल."

"जाऊ दे की. तुमचा पगार थोडाच थांबतोय?"

"फार उद्धट आहेस."

"आहेच! हा पंप कौन्सिलने नाही दिला आम्हाला. चार वर्षं दर शनिवारी लॅमिंग्टन करून विकले गावाने. केकवरचा तो खोबऱ्याचा कीस अजून माझ्या नखांत असेल. आणि तुम्ही दोन काटे बघून याला मेला म्हणणार?"

"मोटर मात्र गोड वाजतेय," पॅस्को कान देऊन पुटपुटला. "घरघर नाही, काही नाही. नवल आहे."

ब्रायनीने ग्लेनिसआत्याकडे पाहिलं.

"मोटर वेगळी, पंप वेगळा," ग्लेनिसआत्या म्हणाली. "मोटर माझं खातं. तिला काही धाड भरलेली नाही."

पॅस्कोने मान डोलावली. पाना अजून ब्रायनीच्या हातात होता. त्याने तो घेतला नाही.

"मग लिहून द्या," ती म्हणाली. "पंप गेला, असं स्वच्छ लिहा, खाली सही करा. गावाला दाखवायला मला कागद हवा."

त्याने लिहिलं. सही केली, तारीख घातली, कागद फाडून तिच्या हातात ठेवला. कुंपणाबाहेर बातमी पोचली तसा एकाने टॉवेल जमिनीवर आपटला.

फाटकाबाहेर कौन्सिलची गाडी होती, मागे छोटी क्रेन बसवलेली. पॅस्कोने चालकाला हातानेच 'राहू दे' अशी खूण केली आणि मग ब्रायनीकडे वळला. आवाज जरा मऊ झाला होता.

"वाईट वाटून घेऊ नकोस. खरं तर धडधाकट निघाला असता तरी तुम्हाला मिळाला नसताच. कागदोपत्री तो आमचा. आजच उचलून जिल्ह्याच्या नव्या तलावावर बसवायचा होता. आता भंगार कोण वाहून नेणार? ठेवा तुम्हालाच."

ब्रायनीने मान खाली घातली. ओठ इतका घट्ट चावला की पांढरा पडला. पॅस्कोने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि तो गाडीत चढला.

धूळ गव्हाच्या कोठारांपलीकडे विरली, तशी ग्लेनिसआत्याने मेन स्विच पाडला, सोमवारी स्वतःच अदलाबदल केलेल्या मोटरच्या दोन वायरी पुन्हा आपापल्या जागी जोडल्या आणि म्हणाली, "हं, कर चालू. आता सुलटा फिरेल."