काट्याने जुळवलेलं लग्न

"आजी, चढ काट्यावर! बॅगेसकट!" नातीने फर्मान सोडलं आणि आजोबांचं धाबं दणाणलं.

जुन्या विमानतळाचं कुलूप आज एका दिवसापुरतं उघडलं होतं. जुन्या कर्मचाऱ्यांना घरच्यांसकट आमंत्रण होतं. बाहेर पंख्याचं विमान धडधडत होतं, पेट्रोलचा तोच वास आत येत होता, आणि सज्जात उभे राहून लोक उगाचच रुमाल हलवत होते. आजोबा सकाळपासून हवेतच होते. नोकरीतला निळा कोट अंगावर आता लोंबत होता, तरी हट्टाने घातला होता. "आमच्या वेळी लोक कडक इस्त्री करून, अत्तर लावून विमानात बसायचे. कान दुखू नयेत म्हणून ट्रेमधून गोळ्या यायच्या, गोळ्या! आता काय, चपला फटफटवत येतात!" असं भेटेल त्याला ऐकवत होते. वजनकाटा दिसला मात्र, त्यांची बोलती बंद झाली.

त्या काट्याची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. त्या काळी छोट्या विमानात माणसालाही सामानासकट तोलायचे. आजी तिच्या मामांबरोबर दूरच्या गावी एक स्थळ बघायला निघाली होती. काउंटरवर आजोबा होते. ती बॅग घेऊन काट्यावर चढली, लाजून मान खाली घातली, आणि काटा लाल रेघेपलीकडे गेला. "नियम म्हणजे नियम," आजोबा म्हणाले होते, "आज तुम्हाला सोडता येणार नाही." मामा फणफणले. पुढचं विमान थेट गुरुवारी. तोवर आजोबांनी मामांना रोज कँटीनचा चहा पाजला, सज्जातून विमानं दाखवली. मामा पाघळले, आणि ते स्थळ राहिलं बाजूला. "आमचं लग्न त्या काट्याने जुळवलं," असं आजी आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची.

काट्याने कुठलं! काट्याच्या कोपऱ्यावर आजोबांनी हळूच बूट दाबला होता. हे त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. खोटेपणाचा आजीला भयंकर तिटकारा. दुधात पाणी सापडलं की ती दूधवाला बदलायची. नवऱ्याचं काय केलं असतं, देव जाणे.

आजी चढली. तीच जुनी बॅग तिने हौसेने ठासून भरून आणली होती. काटा डुलला, आणि रेघेच्या बराच अलीकडे थांबला.

"अरेच्चा!" नात म्हणाली. "आजी, तेव्हा तर तू काडी होतीस ना गं? आता एवढी गोलमटोल झालीस तरी काटा इथेच! मग तेव्हा कसा गेला पलीकडे?"

सगळे आजोबांकडे बघायला लागले.

"जुना काटा तो... गंजला असेल," ते पुटपुटले.

"गंजतोय कशाला?" काटा सांभाळणाऱ्या मेकॅनिकला ते लागलं. "कालच वजनं ठेवून तपासलाय, साहेब. जरासुद्धा फरक नाही."

आजोबांच्या तोंडचं पाणी पळालं. आता ही सगळ्यांसमोर विचारणार. खरं सांगितलं तरी मेलो, नाही सांगितलं तरी मेलो. इतक्या वर्षांची तिची लाडकी गोष्ट आपल्या एका बुटापायी खोटी ठरणार!

आजी खाली उतरली. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

"अहो, मग तुम्हीच चढा बघू," ती म्हणाली आणि बॅग त्यांच्या हातात दिली.

आजोबा चढले. काट्याकडे बघायची हिंमत होईना. त्यांनी मान खाली घातली.

"आजोबा!" नात किंचाळली. "रेघेच्या पार पलीकडे! एवढे वाळकुडे तुम्ही, असं कसं झालं?"

आजोबांना ते आधीच कळलं होतं. मान खाली घातली की काय काय दिसतं, ते आज त्यांना कळलं. काट्याच्या कोपऱ्यावर, अगदी त्याच जागी, आजीची चप्पल घट्ट दाबलेली होती.

त्यांनी चमकून वर पाहिलं. आजी हसू दाबत होती.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. "आज तुम्हाला सोडता येणार नाही."