सीलबंद काला

देवापुढे ठेवलेल्या कपाचं झाकण कोणी काढलंच नव्हतं.

शेवंतीबाईंनी पुन्हा वाकून पाहिलं. बाळकृष्णाच्या मूर्तीसमोर प्लास्टिकचा कप, त्यावर ताणून चिकटवलेलं चकचकीत झाकण, झाकणावर केटररचा शिक्का आणि शेजारी पिशवीत बंद असलेला चमचा. तुळशीपत्र त्या शिक्क्यावर ठेवलेलं. एवढ्यावर नैवेद्य झाला होता, आरतीही झाली होती.

"शी!" त्या म्हणाल्या, आणि ती शी थेट पोटातून आली.

लालबागच्या त्या नव्या टॉवरच्या हॉलमध्ये काल्याचं कीर्तन नुकतंच संपलं होतं. बुवांनी आज बहार केली होती. काल्याचं एक शीत तरी मिळावं म्हणून स्वर्गातले देव मासे होऊन यमुनेत टपून बसले. गोपाळ हात धुवायला येतील, तेव्हा गिळू म्हणून. कृष्णाने ते ओळखलं आणि सांगितलं, गड्यांनो, हात धुऊ नका, घोंगडीला पुसा. ऐकताना शेवंतीबाईंचे डोळे भरून आले होते. पदराखालचा डबा त्यांनी घट्ट धरला होता.

डब्यात होतं काय? लाह्या, घरी विरजलेलं दही, काकडी आणि लिंबाचं लोणचं. तेही उन्हाळ्यात सरबताला पिळून झालेल्या फोडींचं. त्यांचे यजमान लवूतात्या रोज रिकाम्या फोडी बरणीत टाकायचे, शेवंतीबाई मीठ घालून हलवायच्या. दोन महिन्यांत सालं अशी मुरली की बोटाने तुटावीत. टॉवरच्या जागी चाळ होती तेव्हा काल्यात प्रत्येक खोलीतलं काही ना काही पडायचं. कोणाचे पोहे, कोणाची कुस्करलेली भाकरी, ज्याच्याकडे काहीच नाही त्याची एक मिरची. बुवा ते एका परातीत कालवायचे. मग कोणाचं काय, हे कोणी ओळखून दाखवावं!

पण सकाळीच सुनेने बजावलं होतं. मेघना सप्ताहाच्या कमिटीत होती. "आई, घरचं आणायचं नाही असं मीटिंगमध्ये ठरलंय. उद्या कोणाचं पोट बिघडलं तर? साडेतीनशे कप मागवलेत. माझ्यासाठी तरी तो डबा काढू नका, प्लीज." शेवंतीबाई 'बरं' म्हणाल्या होत्या, आणि डबा घेऊन आल्या होत्या. त्यातला एक घास देवापुढे पडावा, एवढंच त्यांना हवं होतं.

आणि इथे हे! लोक एक चमचा खात होते, 'आंबट आहे' म्हणून कप खुर्चीखाली सरकवत होते. एका गृहस्थाने झाकण जिभेने चाटलं आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीला चिकटवून दिलं. एका बाईने अर्ध्या कपात तोंड पुसलेला ओला कागद कोंबला. गालिच्यावर दही सांडलं होतं; त्यात भरलेली पावलं घेऊन मंडळी बुवांबरोबर फोटो काढायला पुढे जात होती. कोपऱ्यातल्या काळ्या पिशवीत सगळे कप एकमेकांत गळत होते. काला झाला होता तो तिथेच.

शेवंतीबाई शेजारी बसलेल्या यजमानांकडे वळल्या. "बघितलंत? देवाचा घास पायाखाली!"

"कित्याक जीव जाळून घेतंस गो?" लवूतात्या म्हणाले. "तुझो डबो आसा मां?"

त्या उठल्या. देवापुढचा कप उचलून त्यांनी झाकण टर्रकन सोललं, आंबूस वासाने नाक मुरडलं, आणि त्या जागी आपला डबा उघडून ठेवला.

"आई!" मेघना धावतच आली. "काय सांगितलं होतं मी? सगळे बघतायत!"

"बघू देत. तुमच्या देवाने काय झाकण चाटायचं?"

मेघनाने त्यांच्या हातातलं झाकण पाहिलं. त्याला तुळशीचं पान अजून चिकटलेलं होतं. तिचा चेहरा उतरला.

"हे... तसंच होतं?"

"आरतीपासून."

पहाटे पाचपासून ती उभी होती, हे लवूतात्यांनी पाहिलेलं होतं. "सकाळपासून पोटात काय घातलंस गो?" त्यांनी विचारलं. मेघनाने नुसती मान हलवली. त्यांनी देवापुढचा डबा उचलला, दुसऱ्या हाताने सुनेचं मनगट धरलं आणि स्टेजच्या मागे बेसिनपाशी जाऊन फतकल मारली. शेवंतीबाईंनी डब्यातच हात घालून सगळं कालवलं.

मेघना नव्या साडीत कशीबशी टेकली. एक घास खाल्ला. दुसरा मोठा घेतला. तिसऱ्यात लोणच्याची फोड आली, तशी ती थांबली.

"ही ती सालं? सरबताची?"

"जी तू कचऱ्यात टाकायला निघाली होतीस ती."

मेघनाला हसू फुटलं, तोंडातली लाही बाहेर उडाली. मग डब्यात तीन हात एकदम फिरू लागले. तात्यांनी तळ बोटाने निपटला. पलीकडे हॉलमध्ये कोणीतरी कपावर पाय दिला, फच्चकन आवाज झाला. शेवंतीबाईंनी तोंड वाकडं केलं.

मेघना उठून बेसिनपाशी गेली. नळ सोडला. धारेकडे बघत ती जराशी थांबली. नळ बंद केला, परत आली आणि पाचही बोटं सासूच्या पदराला नीट पुसली.

"अगं मेले, कोरी साडी माझी!"

लवूतात्यांनी मान लांब करून बेसिनच्या जाळीत डोकावून पाहिलं.

"मासे रवले उपाशी," ते म्हणाले.