उत्तरवाहिनीचं आठवं गाणं

इरावतीच्या थोरल्या बहिणीचं, हिमानीचं, लग्न झालं त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, तिचे वडील अप्पा, म्हणजे ढुंढिराजशास्त्री, स्टुडिओतल्या माइकसमोर आपलं लोकरीचं आसन अंथरून बसले आणि त्याच वेळी इरावतीच्या हातातला फोन थरथरला. नागपूरहून कुणाल होता, तिचा चुलतभाऊ. ती दार ओढून बाहेर बोळात आली.

"इराताई, बाबा गेले," कुणाल म्हणाला. "काकांना तू सांग. मला नाही जमायचं."

इरावतीनं फोन बंद केला. स्टुडिओच्या जाड दाराला हातभर काच होती. त्यातून अप्पा दिसत होते, आवाज मात्र येत नव्हता. आत रेकॉर्डिंगला बसलेल्या, तिच्या बँडमधल्या मुकुलनं कानाला हेडफोन लावले होते. त्यानं अंगठा वर केला. अप्पांनी डोळे मिटले.

दाराच्या मुठीवर तिचा हात होता.

अप्पा काशीच्या पंचगंगा घाटावरचे घनपाठी. घनपाठात मंत्रातले शब्द पुढे जातात, उलटे मागे येतात आणि पुन्हा पुढे जातात. एकही जागा सोडत नाहीत. मुलींना कुणी वेद शिकवत नव्हतं. इरानं तो क्रम स्वयंपाकघरातून ऐकून ऐकून उचलला आणि गिटारवर बसवला. उत्तरवाहिनी नावाचा तिचा बँड बनारसमध्येही कुणाला ठाऊक नव्हता. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं. घाटावरची पोरं म्हणायची, "दीदी, इसमें नाचें कहाँ?" चौघांतले दोघं पोटापाण्याला निघून गेले होते. मुकुल उद्या हैदराबादला नोकरीवर रुजू होणार होता. अल्बममध्ये आठ गाणी होती. सात झाली होती. आठव्यात फक्त अप्पांचा घन हवा होता.

तीन वर्षं ते नाहीच म्हणत होते. "तुमच्या ढणढणाटात वेद बसवायचा? जा, पंख्याला साथ करायला सांग." मग एका दुपारी त्यांनी सातही गाणी सलग ऐकली. शेवटी म्हणाले, "गोंगाट आहे. पण क्रम कुठं चुकला नाहीस." आणि हो म्हणाले.

आज सकाळी अंधार असतानाच ते गच्चीवर फोनवर बोलत होते. कुणी यजमान असेल, असं इराला वाटलं. मग त्यांनी दुसऱ्यांदा अंघोळ केली. येताना रिक्षात एक अक्षर बोलले नाहीत. मनातल्या मनात घोकत असतील, असं तिनं धरलं.

आता दार उघडलं की सुतक. सख्ख्या भावाचं, दहा दिवसांचं. सुतकात वेद उच्चारायचा नाही. आयुष्यात त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता. दहा दिवसांनी मुकुल नसेल, अप्पांचं मनही राहणार नाही. आठवं गाणं तसंच राहील.

आणि दार नाही उघडलं तर? बातमी कानावर पडत नाही तोवर सुतक लागत नाही. हे तिला अप्पांनीच सांगितलं होतं. बातमी दाबून ठेवणाऱ्याबद्दल शास्त्र काय म्हणतं, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

अप्पांचे ओठ हलू लागले. उजवा हात स्वराबरोबर वर गेला, खाली आला. कुणालच्या बाबांनी, तिच्या थोरल्या काकांनी, लहानपणी तिला खांद्यावर बसवून देवदिवाळीचे दिवे दाखवले होते. ते तिकडे जमिनीवर निजवलेले आणि त्यांचा धाकटा भाऊ इकडे माइकपुढे, मध्ये ती. मध्येच अप्पांनी डोळे उघडले आणि काचेतून थेट तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. दार उघडलं नाही.

साडेचार मिनिटांनी मुकुलनंच ते उघडलं.

"गजब, पंडितजी! रोंगटे खड़े हो गए," तो म्हणत होता. "ऐसी संस्कृत ज़िंदगी में नहीं सुनी."

"ऐसी संस्कृत होती भी नहीं, बेटा," अप्पा आसनाची घडी घालत म्हणाले.

इरा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अप्पा, कुणालचा फोन आला होता. मघाशीच. तुम्ही सुरू करायच्या आधी. मी तुम्हाला—"

"उभी का? बस," ते म्हणाले. त्यांनी मुकुलच्या गळ्यातले हेडफोन काढले आणि स्वतःच्या हातानं तिच्या कानांवर बसवले. "आधी हे ऐक. क्रम चुकला असेल तर सांग. मग आपण नागपूरची गाडी बघू."

मुकुलनं बटण दाबलं. आधी अप्पांचा श्वास ऐकू आला. मग तोच वेदाचा स्वर, तोच चढ, तोच उतार, आणि साधी घरची मराठी:

"दादा गेला, गेला दादा, दादा गेला पहाटे, पहाटे गेला दादा, दादा गेला पहाटे. गेला पहाटे, पहाटे गेला, गेला पहाटे पाचला, पाचला पहाटे गेला, गेला पहाटे पाचला."