तोर्बेनची दाढी

"सगळी काढ," खुर्चीत बसत तोर्बेन म्हणाला. वीस वर्षं मी त्याच्या छातीपर्यंतच्या दाढीची फक्त टोकं कापत आले होते.

"का रे, कुणी पटली की काय?"

"गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक म्हणून नाव दिलंय. दाढीवर मास्क घट्ट बसत नाही, धूर आत शिरतो."

"चाळिशी उलटल्यावर फुकटात आगीत घुसायची हौस!" म्हणत मी वस्तरा चालवला. दाढी गेली आणि गळ्यावरचा भाजल्याचा जुना डाग उघडा पडला. माझा हात थांबला.

"घर पेटलं तेव्हा सात वर्षांचा होतो. हार्मकाकांनी आत शिरून मला बाहेर काढलं. रविवारी ते दलातून निवृत्त होतायत."

"आणि तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. पण बंबाच्या गाडीतली काकांची जागा रिकामी कशी ठेवायची?"