सूयिंगच्या अंगणातला बर्फ

२००८ सालात सूयिंग कॅनडातल्या मार्कहॅम शहरातल्या तिच्या घरातून, बेसमेंटमध्ये बसून, चिनी भाषेतला ऑनलाइन ज्ञानकोश चालवायची. जगभरातून कोणीही यावं, लिहावं, तिनं तपासावं. मी तिची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. चिनी मला ओ की ठो कळत नाही, पण तिचा सर्व्हर मी सांभाळायचे.

जानेवारीत तिची आई चीनमधल्या गावी वारली. बर्फाच्या वादळामुळे विमानं बंद होती. तिला जाता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं मला खाली बोलावलं. ज्ञानकोशात तिच्या गावाचं पान होतं आणि त्यावर तिनंच काढलेला आईच्या घराचा फोटो. फोटोतल्या अंगणात दारापर्यंत बर्फ साचला होता.

“अपूर्वा, आमच्या गावात बर्फ कधीच पडत नाही.”

मी पानाचा इतिहास पाहिला. फोटो कुणीही बदललेला नव्हता.

“आई दार कसं उघडणार?” ती पुटपुटली. मग तिनं कोट घातला, लाल बूट चढवले. “जरा बर्फ शोव्हल करून येते.”

बराच वेळ फावड्याचा आवाज आला नाही. मी वर जाऊन दार उघडलं. ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ होता आणि त्यात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

हाका मारत मी खाली आले. स्क्रीनवरच्या अंगणात दारापर्यंत वाट मोकळी झाली होती. उंबऱ्याबाहेर तिचे लाल बूट काढून ठेवलेले होते.