शेवटची रांग

"मावशी, ही रांग एवढी हिरवी कशी?" संशोधक मॅडमनी पाइनच्या रोपाच्या सुईसारख्या पानाला पट्टी लावली, खात्री होईना म्हणून पुन्हा लावली. तेरा सेंटिमीटर, पहिल्या रांगेइतकीच.

माळीण गोदाक्का खुशीत हसली. पहिल्या रांगेला खत आणि मोकळं ऊन, शेवटच्या रांगेला खत नाही आणि वर काळी जाळी, असा मॅडमचा दोन वर्षांचा नेम होता. आखूड, पिवळ्या सुयांची ती केविलवाणी रोपं गोदाक्काला बघवेनात. म्हणून गेले चार महिने मॅडमची पाठ वळली की ती जाळी सारायची आणि बुडाशी मूठमूठ शेणखत घालायची.

"उपाशी लेकरं बघवली नाहीत हो," ती म्हणाली. "आता कसं बाळसं धरलंय त्यांनी!"

"खत-ऊन नसलं की सुया किती खुंटतात, तेच मोजायचं होतं मला. ही रांग उपाशीच हवी होती." मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "आता काही कामाची नाही. उपटून टाका. तुम्हीच."

गोदाक्का वाकली. रोपांनी चांगलं मूळ धरलं होतं. एकेक उपटायला तिला दोन्ही हात लावावे लागले.