आधी माफी, मग मीटर

संघप्रियाचं विमान अजून वरच होतं, आणि अमरसिंहला ते बघवत नव्हतं.

त्याचं विमान केव्हाच उतरलं होतं. कसबा बावड्यात, कारखान्यामागच्या मोकळ्या रानात, शाळकरी पोरापोरींनी बनवलेल्या बॅटरीवरच्या विमानांची स्पर्धा चालली होती. ज्याचं विमान जास्त वेळ उडेल तो पुण्याला जाणार. पण उतरल्यावर बॅटरीत साडेदहा व्होल्ट तरी राहिले पाहिजेत. कमी भरले की बाद. जोर संपला की विमान लोकांच्या डोक्यात पडतं, म्हणून ही अट.

अमरसिंहची बॅटरी कोरी, वडिलांनी कुरियरनं मागवलेली. स्पर्धा घेणाऱ्या गणपतराव सरांनी मीटर लावला तर अकरा भरले. आता संघप्रियाच्या त्या पांढऱ्या थर्मोकोलच्या विमानाची बॅटरी साडेदहाच्या खाली गेली की पुणं त्याचंच.

आणि जाणारच होतं. सकाळीच त्यानं तिची बॅटरी दाबून बघितली होती. "भाकरीगत फुगलीया की. ही उडायची न्हाय, चुलीत घालायची."

"हात काढ," ती म्हणाली होती. "आमच्या आक्काताई आज्जीची टॉर्च बी अशीच हाय. मिणमिणाय लागली की आज्जी ती बंद करून जरा उशाला ठेवती. परत लावली की लख्ख."

"मग आज्जीलाच उडीव."

पोरं खिदळली होती.

वर मोटारीचा आवाज बसला. विमान डुललं, उसावरून तिरकं आलं आणि गवतात घसरत थांबलं. संघप्रिया धावली. वायर उपटून तिनं बॅटरी दोन्ही हातांत छातीशी धरली. सर मीटर घेऊन पुढं झाले.

"थांबा सर. सकाळी ह्यानं माझ्या बॅटरीला हात लावलता. कायतरी केलंय ह्यानं."

अमरसिंहच्या कानशिलात आग पेटली. "कुणी? मी?"

"न्हाय, माझ्या आज्जीनं."

"हंबीररावांचं पोरगं हाय मी. तुझ्या डबड्याला हात लावाय काय..."

"लावलास का न्हाय? व्हय म्हण की."

"दाबून बघितली तेवढी..."

"ऐकलासा सर? कबूल झाला."

गर्दी जमली. कोण म्हणालं नुसती दाबली, कोण म्हणालं पिशवीपण उघडली. अमरसिंहनं आईची शपथ घेतली. "आईला कशाला मधी आणतोस, तिनं दाबली व्हय?" असं ती म्हणाली आणि तो अंगावरच गेला. दोघा-तिघांनी त्याला मागं ओढलं. दोघांना गप्प करता करता सरांचाच आवाज चढला.

"पोरी, पुरावा हाय का? न्हाय ना? मग आण हिकडं, न्हायतर बाद करतो."

संघप्रियानं बॅटरी पुढं केली. सरांनी मीटरच्या वायरी हातात घेतल्या.

"थांबा," अमरसिंहनं मीटरवर हात ठेवला. "चारचौघांत लबाड ठरवलं हिनं मला. आधी माफी, मग मीटर."

"अरे, मोजू दे की. माफी काय पळून चाललीया?"

"न्हाय सर. माफीबिगर मोजायचं न्हाय."

संघप्रियानं खाली बघितलं. चपलेचा अंगठा नीट केला. वेणी मागं टाकली. मग एकेक शब्द तोडत म्हणाली, "चुकलं माझं. अमरसिंहनं काय केलं न्हाय. मोठ्या मनानं माफ कर."

"मोठ्यानं. मागं ऐकू आलं न्हाय."

तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं म्हटलं. पोरं हसली. तेव्हा कुठं अमरसिंहनं मीटरवरचा हात काढला.

सरांनी वायरी टेकवल्या. चष्मा वर सरकवला, पुन्हा टेकवल्या.

"दहा पॉइंट सहा. पोरगी पुण्याला."

अमरसिंहनं स्वतः वाकून मीटरवरचा आकडा बघितला. मोटारीचा बसलेला आवाज त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

संघप्रिया विमान काखेत मारून निघाली. त्याच्यापाशी आल्यावर जरा थांबली.

"तिसऱ्यांदा माफी मागाय लावायची होतीस की. बॅटरी आणखी लख्ख झाली असती."